स्लोन सर्वेक्षणाचा स्कायसर्व्हर: ताऱ्यांचे रंग तपासायला किती भरवशाचा?

ताऱ्यांचं रंगावरून वर्गीकरण शिकायचं असेल, तर स्लोन डिजिटल स्काय सर्व्हे या आकाश-सर्वेक्षणाची माहिती देणाऱ्या स्कायसर्व्हर या संकेतस्थळाइतकी चांगली मोफत सेवा दुसरी नाही. एकाच ताऱ्याची पाच फिल्टरमधली (अतिनील ते अवरक्त अशा क्रमाने यू, जी, आर, आय, झेड) प्रत, म्हणजे तेजाचा आकडा (जितका मोठा तितका तारा अंधुक), तिच्यातली त्रुटी, मोजणीत गडबड झाली असेल तर तशी खूण आणि पुष्कळ ताऱ्यांचा वर्णपटसुद्धा एकाच डेटाबेसात मिळतो. रंगावरून अंदाज बांधायचा आणि तो बरोबर आला का हे पुढच्या मिनिटाला वर्णपटावर ताडून पाहायचं, ही सोय फार मोलाची आहे.

आधी एक इशारा. 'नेव्हिगेट' या आकाशाची चित्रं दाखवणाऱ्या पानावर दिसणाऱ्या सुंदर रंगीत चित्रावरून वर्गीकरण करू नका. त्या चित्रात आय, आर आणि जी हे फिल्टर अनुक्रमे लाल, हिरवा, निळा म्हणून दाखवलेले असतात. यू आणि झेड त्यात नसतातच. त्यामुळे श्वेत बटू (विझत चाललेल्या ताऱ्याचा घट्ट गाभा), क्वेझार (अतिदूरच्या दीर्घिकेचं झगझगीत केंद्र) आणि ए वर्गाचा तारा (उष्ण ते थंड असे वर्ग: ए, एफ, जी, के, एम) तिन्ही सारखेच निळसर दिसतात. ओळीत पडलेले लाल-हिरवे-निळे ठिपके दिसले, तर तो बहुतेक लघुग्रह असतो. कॅमेरा आर, आय, यू, झेड, जी अशा क्रमाने काही मिनिटांत टिपत जायचा आणि तेवढ्यात लघुग्रह सरकलेला असायचा.

मूळ माहिती न्यू मेक्सिकोतल्या अपाचे पॉइंट वेधशाळेच्या २.५ मीटर दुर्बिणीची आहे. ३० सीसीडींचा (प्रकाश टिपणाऱ्या चिपांचा) कॅमेरा, प्रत्येक फिल्टरला सुमारे ५४ सेकंद आणि एकूण १४,५५५ चौरस अंश आकाश. हा कॅमेरा २००९ मध्येच निवृत्त झाला. नंतरच्या आवृत्त्यांमध्ये मुख्यतः वर्णपटांची भर पडत गेली, म्हणून 'नवीन आवृत्ती आली, आता रंग सुधारले असतील' असं समजू नये. मर्यादा यू, जी, आर, आय, झेड अशा क्रमाने २२.०, २२.२, २२.२, २१.३ आणि २०.५ प्रतीपर्यंत. दुसऱ्या टोकाला, साधारण १४ व्या प्रतीपेक्षा तेजस्वी तारे सीसीडीत भरून जातात आणि त्यांचे रंग खोटे येतात.

शोध घेताना पहिली अडचण स्तंभांच्या नावांची. नुसतं यू, जी, आर असं लिहिलं की मिळते ती 'मॉडेलमॅग', म्हणजे दीर्घिकांसाठी बसवलेल्या आकारातून काढलेली प्रत. ताऱ्यांसाठी 'पीएसएफमॅग', म्हणजे बिंदूसारख्या वस्तूच्या आकारातून काढलेली प्रत, घ्यायची. 'डीरेड' नावाचे धूळ-दुरुस्ती केलेले स्तंभही मॉडेलमॅगवरूनच येतात, तेव्हा पीएसएफमॅगमधून 'एक्स्टिंक्शन' (वाटेतल्या धुळीने शोषलेला प्रकाश) आपणच वजा केलेलं बरं. तेजस्वी ताऱ्यांत फरक किरकोळ असतो, पण अंधुक ताऱ्यांत मॉडेलमॅगची त्रुटी उगाच वाढते. तक्ता 'स्टार' हा घ्या, 'फोटोऑब्जऑल' नको. नाहीतर एकच तारा दोन-दोनदा मोजला जातो. सोबत 'क्लीन' बरोबर १ ही अट घाला आणि वापरणार त्या प्रत्येक फिल्टरची त्रुटी ०.०५ च्या आत ठेवा. उणे ९९९९ असा आकडा दिसला, तर ते मोजमापच नाही. तो न गाळता वजाबाकी केली की आलेखाचं पार वाटोळं होतं.

धुळीची दुरुस्ती करताना गुणक कोणते वापरलेत ते पाहावं. यू फिल्टरचं शोषण जी फिल्टरच्या शोषणाने भागा. १.३६ आलं तर १९९८ च्या धूळनकाशासोबतचे जुने गुणक, १.२८ आलं तर २०११ चे सुधारित. नकाशातली लाली (धुळीमुळे रंगात पडणारा फरक) ०.१ असेल तर जी-आर मध्ये (जी प्रतीतून आर प्रत वजा करून येणारा रंग) दोन्हींचा फरक नगण्य असतो, पण यू-जी मध्ये तो ०.०४ पडतो. ताऱ्यातलं धातुप्रमाण (हायड्रोजन-हेलियमहून जड मूलद्रव्यांचं प्रमाण) काढणाऱ्याला एवढा फरक परवडत नाही. शिवाय हा नकाशा त्या दिशेतली सगळी धूळ मोजतो. जवळचा एम बटू (लहान, थंड, लाल तारा) त्या धुळीच्या अलीकडेच असतो. त्याला पूर्ण दुरुस्ती लावली की तो आहे त्यापेक्षा निळा ठरतो.

आता रंग कसे वाचायचे ते. सूर्यासारख्या ताऱ्याचा जी-आर सुमारे ०.४४ येतो. त्याहून निळ्या बाजूला एफ, मग ए; लाल बाजूला के. जी-आर १.४ च्या आसपास पोचला की मात्र अडकतो. एम ताऱ्यांच्या वातावरणातल्या टायटॅनियम ऑक्साइडचे पट्टे दोन्ही फिल्टरमधला प्रकाश जवळपास सारखाच खातात, त्यामुळे तापमान आणखी उतरलं तरी हा आकडा हलत नाही. तिथून पुढे आर-आय वापरायचा: एम० ला साधारण ०.६, एम४ ला १.४. आलेखात ताऱ्यांचा पट्टा त्या ठिकाणी काटकोनात वळलेला दिसतो. तसं वळण आलं नाही, तर शोधातल्या अटी चुकल्या असं समजा.

निळ्या टोकाला निवाडा यू-जी करतो. ए ताऱ्यात बामर उडीमुळे (हायड्रोजनच्या शोषणामुळे) यू फिल्टरमध्ये प्रकाश एकदम कमी पडतो, म्हणून यू-जी १ च्या आसपास किंवा थोडा वर जातो. श्वेत बटूत गुरुत्व प्रचंड असल्याने ती उडी मंदावते आणि यू-जी बराच खाली राहतो. क्वेझारचा यू-जीही बहुधा ०.६ च्या आतच असतो, पण त्याचा जी-आर उष्ण श्वेत बटूसारखा उणे नसतो. ताम्रसृती (विश्वाच्या प्रसरणाने प्रकाश लालकडे सरकण्याचं माप) २.७ च्या आसपासचे क्वेझार मात्र थेट ए-एफ ताऱ्यांच्या पट्ट्यात मिसळतात. तिथे रंग हात टेकतो आणि वर्णपटच पाहावा लागतो. ०.२ ते ०.६ जी-आर असलेल्या एफ आणि जी वर्गाच्या ताऱ्यांत यू-जी धातुप्रमाणही सांगतो. धातू कमी, तर यू-जी कमी.

म्हणून यू फिल्टर सर्वांत मोलाचा, आणि दुर्दैवाने सर्वांत दुबळाही तोच. यू-जी २.६ असलेला लाल तारा जी फिल्टरमध्ये १९.४ पेक्षा अंधुक असेल, तर यू मध्ये तो मर्यादेच्या पलीकडे जातो. त्यात या फिल्टरमधून थोडा लाल प्रकाशही गळतो: एम० ताऱ्यात सुमारे ०.०६ प्रतीची चूक, तर आर-आय १.५ असलेल्या ताऱ्यात ०.३ पर्यंत. एम ताऱ्यांच्या यू-जी वरून कुठलाही निष्कर्ष काढू नये.

'टाइप ६ म्हणजे तारा' हेही जपून घ्यावं. ही खूण रंगावरून दिलेली नसते, वस्तू बिंदूसारखी दिसते का एवढ्यावरच दिलेली असते, त्यामुळे क्वेझारसुद्धा तिच्यात येतात. आर २१.५ पर्यंत ती चांगली चालते. त्यापुढे लहान दीर्घिका घुसतात. श्वेत बटू आणि एम बटूची जोडी असेल, तर एकच ठिपका यू-जी मध्ये निळा आणि आय-झेड मध्ये लाल दिसतो आणि मुख्य पट्ट्याच्या बाहेर पडतो. राक्षसी तारा आणि बटू तारा यांतला फरक तर रंग फारसा सांगतच नाही. त्यासाठी गाया या अवकाशयानाने मोजलेलं लंबन (त्यावरून अंतर कळतं) आणि निजगती (ताऱ्याचं आकाशातलं सरकणं) जोडून घ्याव्यात.

सरावाला पालोमार ५ हा बंदिस्त तारकागुच्छ उत्तम. तो विरळ आहे, त्यामुळे स्लोनची स्वयंचलित मोजणी त्यात गोंधळत नाही. एम१३ या दाट गुच्छाच्या गाभ्यात ती साफ कोलमडते आणि अर्धे तारे यादीत येतच नाहीत. विषुवांश २२९.०२ अंश, क्रांती उणे ०.११ अंश आणि त्रिज्या ६ कोनीय मिनिटं (०.१ अंश) घ्या. आलेखात जी-आर आडवा, आर उभा आणि उलटा (तेजस्वी तारे वर). सुमारे ७५,००० प्रकाशवर्षांवरच्या या गुच्छाची मुख्य शाखेवरून वळणारी जागा (जिथे तारे गाभ्यातला हायड्रोजन संपवून पट्टा सोडतात) साधारण २०.५ प्रतीला दिसते. मग गुच्छाबाहेरचे तारे ओळखण्यासाठी तेवढंच वर्तुळ वायव्येला एक अंशावर घेऊन तुलना करा. ईशान्य किंवा नैर्ऋत्य नको, कारण २००१ मध्ये स्लोनच्याच माहितीत सापडलेल्या गुच्छाच्या शेपट्या त्या बाजूंना पसरल्या आहेत.

आलेखासाठी टॉपकॅट हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेने आणि पर्सिस्टंट सिस्टिम्स यांनी मिळून केलेलं व्हीओप्लॉटही याच जातीचं, पण मोठ्या याद्यांना टॉपकॅट बरं.

सेवेचा पडदा जुनाट आणि स्तंभांची वर्णनं त्रोटक आहेत, हा माझा मुख्य आक्षेप. डेटाबेस मायक्रोसॉफ्ट एसक्यूएल सर्व्हरवर असल्याने 'लिमिट १०' चालत नाही. 'टॉप १०' लिहावं लागतं. मोठा शोध वेळेच्या मर्यादेत तुटतो, मग कॅसजॉब्ज या मोठ्या शोधांसाठीच्या सोबतच्या सेवेवर खातं काढायचं. तिथली झटपट रांग एका मिनिटाची. त्याहून लांब काम दुसऱ्या रांगेत टाकून निकाल स्वतःच्या 'मायडीबी' मध्ये उतरवायचा. वर्णपटांच्या तक्त्याशी जोडताना 'झेडवॉर्निंग' (वर्णपटाच्या मोजणीतल्या गडबडीची खूण) शून्य ठेवा. आणि वर्णपटासाठीचे तारे मुळात रंग पाहूनच निवडलेले असतात, तेव्हा त्यातली टक्केवारी ही आकाशातली टक्केवारी मानू नका.

पॅन-स्टार्स या दुसऱ्या सर्वेक्षणाचं आकाश याहून बरंच मोठं, पण त्यात यू नाही. एम बटूंसाठी ते चालेल, श्वेत बटू आणि धातुप्रमाणासाठी नाही. चिलीतल्या रुबिन वेधशाळेच्या ८.४ मीटर दुर्बिणीला यू सकट सहा फिल्टर आहेत आणि तिची पहिली चित्रं जून २०२५ मध्ये आली. दक्षिणेतला तारा हवा असेल, तर स्कायसर्व्हरवर वेळ घालवण्याआधी तो भाग स्लोनच्या पट्ट्यात आहे का ते 'नेव्हिगेट' मध्ये पाहून घ्या. चित्राचं खरं काम एवढंच.