माँटसेरात, शिडाची बोट आणि विंचमधली राख: एका हंगामानंतर

गेल्या आठवड्यात माझ्या शिडाच्या बोटीवरचा उजवीकडचा विंच, म्हणजे दोर ओढायचं चक्र, फिरेना. अँटिग्वातल्या वर्कशॉपने तो न उघडताच नवीन घ्या म्हणून सांगितलं. मी स्वतः खोलला. तुटलेलं काहीच नव्हतं. आतल्या वंगणात राखाडी चिखल साचून पॉल, म्हणजे चक्र उलटं फिरू न देणारे छोटे खटके, रुतले होते. केरोसीन, जुना टूथब्रश, दोन स्प्रिंगा, झालं. खोलून न बघता गिऱ्हाइकाला एवढ्या खर्चात टाकणं मला मुळीच पटत नाही.

हा चिखल म्हणजे राख, कॅरिबियनमधल्या माँटसेरात बेटाची. तिथला सूफ्रिएर हिल्स ज्वालामुखी १८ जुलै १९९५ ला जागा झाला. २०१० च्या फेब्रुवारीनंतर नवा लाव्हा वर आलेला नाही, पण वायू अजून निघतो आणि उतारावरची जुनी राख वाऱ्याने उडते. व्यापारी वारे पूर्वेचे, त्यामुळे हे सगळं पश्चिम किनाऱ्याबाहेर पडतं, म्हणजे शेजारच्या ग्वादेलूप बेटाला जाताना आपण बेटाच्या आडोशाने जातो नेमकं तिथे. आधी गंधकाचा वास, मग डेकवर करडी पूड. चुलीतल्या राखेसारखी ती मऊ नसते; खडकाचा आणि काचेचा चुरा असतो. फडक्याने पुसली तर जेलकोटवर, म्हणजे बोटीच्या बाहेरच्या गुळगुळीत थरावर, ओरखडे पडतात. थोडं पाणी मारलं तर लगदा होऊन फटीत बसते. समुद्राचं पाणी बादल्यांनी ओतायचं, गोडं पाणी शेवटी, आणि विंच लगेच खोलायचे. दोर पण धुवा, राख आतले धागे कापते.

बेटाबद्दल माझं पहिलं मत वाईट होतं. बेटावर आल्याची नोंद लिटल बे बंदरात करायची, पण तिथे हिवाळ्यात उत्तरेची लाट थेट आत शिरते. रात्रभर बोट डोलते, झोप नाही. एक मुक्काम पुरे, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगत होतो.

आता तसं सांगणार नाही. टॅक्सीवाल्याने गॅरिबाल्डी हिलवर नेलं. खाली प्लिमथ, राजधानीचं शहर, राखेत आणि चिखलात गाडलेलं. त्याचं घर तिथेच होतं. कुठल्या बाजूला, ते त्याने बोट करून दाखवलं. २५ जून १९९७ च्या उद्रेकात १९ माणसं गेली, विमानतळ बंद पडला, पुढे निम्म्याहून जास्त लोकांनी बेट सोडलं. जे राहिले त्यांनी उत्तरेत शाळा, दवाखाना, धावपट्टी सगळं नव्याने उभं केलं. अशा ठिकाणी आपण दोन दिवस राहून चार पैसे खर्च केले पाहिजेत, असं मला मनापासून वाटतं. टॅक्सीचे पैसे मला एरवी टोचतात. तिथे टोचले नाहीत.

एप्रिलअखेर परत गेलो तर लाट बसलेली होती, शांत झोप लागली. तेव्हा जमलं तर त्याच सुमारास जा. दक्षिणेकडे समुद्रातही बंदीचा पट्टा आहे, धोक्याच्या पातळीप्रमाणे तो बदलतो. निघण्याआधी चौकशी करा.

पुढच्या वेळी पूर्वेकडून जायचा विचार आहे. वाऱ्यावर चढत जावं लागेल, समुद्रही खवळलेला असेल, पण राख टळेल. विंचच्या स्प्रिंगा सेंट मार्टिनला घ्या, तिथे आयात शुल्क नाही.