प्रबोधनकाळातली नाटकं आणि सत्ता: एका ऑडिओ कोर्सबद्दल

मी नाटकांना प्रॉम्प्टिंग करते, त्यामुळे छापील पुस्तकापेक्षा खाडाखोड झालेली संहिता मला जास्त बोलकी वाटते. युरोपातल्या प्रबोधनकालीन नाटकांमधल्या तात्त्विक आणि राजकीय विचारांवरचा हा ऑडिओ कोर्स मला खरा आवडला तो 'सर टॉमस मोर'च्या भागात. परदेशी लोकांविरुद्ध लंडनमध्ये १५१७ साली उसळलेली दंगल आणि ती शमवणारा अधिकारी मोर या नाटकात आहे. हस्तलिखित परवान्यासाठी नाटकं तपासणाऱ्या दरबारी अधिकाऱ्याकडे, एडमंड टिल्नीकडे गेलं आणि त्यानं त्यावरच लिहून टाकलं: बंड पूर्ण गाळा, त्याचं कारणही गाळा, मोरनं ते शमवलं एवढंच थोडक्यात कुणाच्या तरी तोंडून सांगा, नाहीतर जबाबदारी तुमची. म्हणजे दंगल झाली हे कळलेलं चालणार होतं, लोक का पेटले हे मात्र नाही. त्याच हस्तलिखितात मोर दंगलखोरांना विचारतो, उद्या तुम्हालाच देशोधडीला लागावं लागलं तर कोण आसरा देईल? ही पानं शेक्सपिअरच्या हातची असल्याचं बहुतेक अभ्यासक मानतात. व्याख्यात्या दोन्ही मजकूर लागोपाठ वाचतात, मध्ये काही बोलत नाहीत. अंगावर काटा आला.

शेक्सपिअरच्या 'रिचर्ड दुसरा'चा भागही असाच भरीव. राजा मुकुट उतरवून देतो तो प्रवेश १५९७च्या छापील प्रतीत नाही, तो आला १६०८ साली. मधल्या काळात, फेब्रुवारी १६०१ मध्ये, राणीविरुद्ध उठलेल्या अर्ल ऑफ एसेक्सच्या माणसांनी नेहमीच्या उत्पन्नावर ४० शिलिंग जास्त देऊन राजाला पदच्युत करण्याचं हे नाटक मुद्दाम करवून घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी बंड केलं. नटांची चौकशी झाली, पण ते सुटले.

सत्तेच्या राजकारणावर लिहिणाऱ्या इटालियन मॅकियाव्हेलीचा भाग मात्र उरकलाय. मार्लोच्या 'माल्टाचा ज्यू'मध्ये तो स्वतःच सूत्रधारासारखा येऊन बोलतो, एवढं सांगून पुढे सगळे खलनायक त्याच्या नावावर जमा. मॅकियाव्हेलीच्या 'प्रिन्स' या ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर १६४० साली छापलं गेलं; त्याआधी लंडनच्या जॉन वुल्फनं १५८४ मध्ये इटालियन प्रत छापली, तीही प्रकाशनस्थळ खोटं टाकून. इतका रंजक धागा सोडून का द्यावा?

माझी खरी तक्रार शेक्सपिअरच्या 'टेम्पेस्ट'बद्दल आहे. त्यातल्या गोन्झालोचं आदर्श राज्याचं भाषण फ्रेंच लेखक माँतेनच्या निबंधावरून, फ्लोरिओच्या १६०३च्या भाषांतरातून आलंय, हे छान समजावलंय. पण वाचून दाखवलंय ते फक्त भाषण. गोन्झालो म्हणतो, माझ्या राज्यात राजेपण नसेल, आणि लगेच सेबास्टियन टोकतो, पण राजा तर याला स्वतःलाच व्हायचंय! ती टोचणी काढली की उरतो निबंध. नाटकात विचार एकट्याच्या तोंडी राहत नाही, समोरचा तो लगेच उलटवतो, हे या व्याख्यात्यांना 'मोर'च्या वेळी पक्कं ठाऊक होतं.

स्पेन जवळपास नाहीच. लोपे दे व्हेगाच्या 'फुएन्तेओव्हेहुना'त जुलमी कमांडरला कुणी मारलं या प्रश्नावर छळ सोसूनही अख्खा गाव एकच उत्तर देतो, फुएन्तेओव्हेहुनानं. त्याला जेमतेम दोन वाक्यं.

तरीही घ्याच. सुरुवात परवाना आणि कात्रीच्या भागांपासून करा, संहिता समोर उघडी ठेवा. 'टेम्पेस्ट'चा तो प्रवेश मात्र आधी स्वतः मोठ्यानं वाचा, सेबास्टियनसकट.