मशीनने लिहिलेल्या थँक्यू चिठ्ठ्यांची सर्व्हिस: रेफरलसाठी उपयोग झाला का?

क्लायंटला पेनाने लिहिलेली चिठ्ठी पाठवून देणारी एक ऑनलाईन सर्व्हिस मी वापरून बघितली. माझं टॅक्सचं काम आहे आणि नवीन क्लायंट जवळजवळ सगळे ओळखीतूनच येतात, त्यामुळे ज्यांनी नाव सुचवलं त्यांचे आभार नीट मानायलाच हवेत. आपण नावं-पत्त्यांची एक्सेल शीट अपलोड करायची, मजकूर द्यायचा, अक्षराची स्टाईल निवडायची, मग तिकडचं मशीन खरंखुरं पेन धरून कार्ड लिहितं आणि ते पोस्टाने जातं.

कार्ड जाड, शाई खरी, मागच्या बाजूने बोट फिरवलं तर पेनाचा दाब पण लागतो. पाकिटावर पत्ता पेनानेच, त्यामुळे जाहिरात समजून कोणी बाजूला टाकत नाही. इंग्रजी मजकूर असेल तर सहज खपून जातं.

मराठीत मात्र गडबड आहे. शिरोरेषा पट्टी धरून मारल्यासारखी सरळ आणि सगळे 'ळ' सेम टू सेम, हाताने लिहिताना दोन 'ळ' कधी एकसारखे येतात का? 'श्र' आणि 'क्ष' तर प्रत्येकजण आपापल्या वळणाने काढतो, तिथेच माणूस ओळखू येतो. एका जुन्या क्लायंटचा फोन आला, "ताई, कार्ड मस्त आहे हो, कुठून छापून घेतलंत?" म्हणजे चिठ्ठीचा मुद्दाच गेला.

कारण चिठ्ठी चालते ती कोणीतरी आपल्यासाठी वेळ काढला हे दिसतं म्हणून. रँडी गार्नर यांचा 2005 साली प्रसिद्ध झालेला प्रयोग आहे, सर्व्हे फॉर्मवर हाताने लिहिलेली चिकट चिठ्ठी लावली तेव्हा 76 टक्के लोकांनी तो भरून पाठवला, तीच विनंती थेट फॉर्मच्या कव्हरवर हाताने लिहिली तेव्हा 48 टक्के आणि काहीच लिहिलं नाही तेव्हा 36. एवढ्याशा कागदाने एवढा फरक!

आता मी स्वतःच लिहिते. तीन-चार ओळी, आणि त्यात एक गोष्ट अशी की जी फक्त त्याच माणसाला लागू पडेल. उदाहरणार्थ, "मुलीची परीक्षा चालू असताना पण तुम्ही सगळे कागद वेळेत पाठवलेत, म्हणून रिटर्न आरामात भरता आलं." हे कुठल्या एक्सेल शीटमध्ये असणार? नाव सुचवणाऱ्याला लिहिताना मात्र जपून, त्यांच्या मित्राचं काय काम आहे, किती टॅक्स आहे, यातलं अक्षरही नको. "तुम्ही सांगितलंत म्हणून ते भेटले, तुमच्या विश्वासाबद्दल आभार" एवढं बास, आणि तो आपल्याकडे आला हे कळवलेलं त्या मित्राला चालणार नसेल तर तेही नाही. आणि प्लीज, खाली "आणखी कोणी असेल तर सांगा" लिहू नका, व्हिजिटिंग कार्ड पण आत घालू नका, लगेच मागणी केल्यासारखं होतं. मी काहीच मागत नाही तरी लोक आपणहून फोन करतात, चिठ्ठी मिळाली म्हणून, आणि त्या गप्पांतच कधीतरी एखादं नवीन नाव निघतं.

अक्षर चांगलं नाही म्हणून अडून बसू नका. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांच्या 2018 च्या अभ्यासात असं दिसलं की आभाराचं पत्र लिहिणाऱ्याला वाटतं समोरच्याला अवघडल्यासारखं होईल, प्रत्यक्षात त्याला आपल्या अंदाजापेक्षा जास्त आनंद होतो.

पेनाचं एक सांगते, चकचकीत कार्डावर जेल पेन लवकर वाळत नाही, हात लागला की फासतं, मॅट कार्डच घ्या.

सर्व्हिसला पाचपैकी दोन. ऑफिसचा पत्ता बदलला, सगळ्यांना एकदम कळवायचंय, मजकूर इंग्रजीत आहे, तर खुशाल वापरा. रेफरलच्या आभारांसाठी नाही, तो प्लॅन मी बंद केला.