त्रिकोणमिती ऑनलाइन: खान अकॅडमी की लाइव्ह क्लास?

अकरावीत कोन अंशांतून रेडियनमध्ये, म्हणजे कोन मोजण्याच्या दुसऱ्या एककात, जातात आणि दहावीला चांगले मार्क मिळवलेली मुलंही अडखळतात. अशा वेळी खान अकॅडमी ही ऑनलाइन शिकवणारी साइट खरंच कामाला येते. पैसे लागत नाहीत, एकक वर्तुळाचा (त्रिज्या १ असलेल्या वर्तुळाचा) व्हिडिओ हवा तितक्यांदा मागे नेता येतो, सरावाची गणितं लगेच समोर येतात आणि अडलं तर एकेक पायरी उलगडून दाखवतात. लाइव्ह क्लासला फी भरा, ठरलेली वेळ पाळा.

पण माझ्या भाचीचं ऐका. साइन ३० अंशांचं उत्तर ०.५ यायला हवं, तिचा कॅल्क्युलेटर −०.९८८ दाखवत होता. व्हिडिओ तीनदा पाहिला, चूक काही सापडेना. संध्याकाळी क्लासमध्ये तिने आकडा सांगितला मात्र, सरांनी लगेच विचारलं, "रेडियन मोडवर आहे का गं?" होताच. कॅल्क्युलेटर ३० अंशांऐवजी ३० रेडियन धरत होता.

नित्यसमानता, म्हणजे कोन कुठलाही घेतला तरी खरं राहणारं समीकरण, सिद्ध करतानाही तेच. कुठली बाजू आधी सोडवायची हे वही बघणारं माणूसच नेमकं सांगतं. म्हणून रोजचा सराव खान अकॅडमीवर आणि आठवड्यातून दोनदा लहान बॅचचा लाइव्ह क्लास, असं मी तिला सांगितलंय. शंभर मुलांची बॅच असेल तर मात्र फी वाचवा.