दोनाचा एक करणारा कॅट

चौतीस वर्षं बँकेत कॅशियर होतो. त्या काउंटरवर एकच धास्ती असायची, दोन नोटा चिकटून एक म्हणून जाऊ नयेत. गेल्या की संध्याकाळी कॅश जुळायची नाही आणि भरपाई आपल्या खिशातून. निवृत्त झाल्यापासून दीड वर्ष मी बरोब्बर उलटा उद्योग शिकतोय. दोन पत्ते उचलायचे आणि समोरच्याला एकच वाटला पाहिजे. जादूवाले याला डबल लिफ्ट म्हणतात. त्यासाठी मागवलेल्या, बायसिकल नावाच्या अमेरिकन छापाच्या पत्त्यांच्या कॅटबद्दल लिहितोय, कारण सोलापुरात मला विचारायला कुणी भेटलं नाही.

सुरुवात नव्या पेठेतून आणलेल्या प्लॅस्टिकच्या पत्त्यांवर केली. मेंढीकोटला ते झकास. चहा सांडला तर पुसून पुन्हा डाव मांडता येतो. पण डबल लिफ्टला निरुपयोगी, वरचे दोन पत्ते उचलले की एकमेकांवरून घसरून फाकतात. आमच्या कट्ट्यावर आप्पांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "काय बे, दोन उचललास का?"

मग ऑनलाइन मागवला. एका विक्रेत्याकडून आलेल्या पहिल्या पाकिटाचा कोपरा चेपलेला, आत किल्वर अठ्ठीचा कान मुडपलेला. असा पत्ता दहा फुटांवरून ओळखू येतो. परतफेडीला बारा दिवस खाल्ले. दुसरा कॅट दुसऱ्याकडून पाचशेच्या आत मिळाला, तो व्यवस्थित निघाला. घेताना वरचा सेलोफेन आणि झाकणावरचं सील शाबूत आहे का बघा.

हे पत्ते कागदीच आहेत, पण पृष्ठभागावर बारीक खळगे दाबलेले असतात. त्यामुळे दोन पत्त्यांमध्ये हवा राहते आणि ते एकमेकांवर एकसारखे सरकतात. जोडी जुळवून धरली की एकाच पत्त्यासारखी राहते. पाठीवर सायकल चालवणारे देवदूत आणि भोवती पांढरी किनार. ही किनार नवशिक्याची माउलीच, पत्ता केसभर सरकला तरी पांढऱ्यावर पांढरं लपून जातं. हा छाप १८८५ पासून अमेरिकेत निघतोय, सुरुवात सिनसिनाटीची. तेव्हा तिकडे सायकलचं वेड होतं, म्हणून हे नाव.

आता हात कसा चालतो ते सांगतो. कॅट डाव्या तळहातात. उजव्या अंगठ्याने मागच्या कडेवरचे वरचे दोन पत्ते जरासे उचलायचे आणि त्या फटीत डाव्या करंगळीचं मांस सरकवायचं. समोरून काही दिसत नाही. मग वहीचं पान उलटावं तशी ती जोडी उलटायची. दिसते बदाम सत्ती. पुन्हा पालथी घालायची आणि वरचा एकटा पत्ता कॅटच्या मधोमध खुपसायचा. बघणाऱ्याच्या हिशोबी सत्ती मध्ये गेली. प्रत्यक्षात ती वरच बसलेली असते. चुटकी वाजवा, वरचा पत्ता उलटा, सत्ती हजर.

युक्ती जुनी आहे, १७१६ सालच्या एका इंग्रजी पुस्तकातही सापडते. पुन्हा पुन्हा वर येणाऱ्या पत्त्याच्या खेळाने तर नामांकित जादूगार हूडिनी फसला होता. कुठलाही खेळ तीनदा दाखवा, मी ओळखतो अशी त्याची फुशारकी होती. १९२२ साली शिकागोत डाय व्हर्नन नावाच्या कॅनडाच्या पोऱ्याने हूडिनीनेच सही केलेला पत्ता तीनपेक्षा जास्त वेळा वर आणून दाखवला, आणि हूडिनी शेवटपर्यंत गोंधळलेलाच राहिला. व्हर्नन अठ्ठ्याण्णव वर्षांचा होईपर्यंत जगला, आणि पत्त्यांच्या जादूवाल्यांत त्याचं नाव अजून मानाने घेतात.

सोलापूरकरांसाठी एक खास गोष्ट. आपल्या कोरड्या मे महिन्यात बोटं पापडासारखी होतात, पत्ता पकडच देत नाही. काउंटरवर ओला स्पंज असायचा, इथे तो चालणार नाही, कागद फुगतो. मी ग्लिसरीनचा एक थेंब बोटांवर चोळून फडक्याने पुसून टाकतो. पावसाळ्यात उलट कॅट दमट होतो, तेव्हा स्टीलच्या डब्यात तांदळाची पुरचुंडी ठेवतो. बायको म्हणते, पत्त्यांना माझ्यापेक्षा जास्त जपता. तक्रार खरी आहे.

पण सगळं श्रेय कॅटला नाही, हेही लिहायला हवं. चांगल्या पत्त्यांवरही मला नातीने पकडलं. आठ वर्षांची पोर म्हणाली, "आबा, त्याच पत्त्याला तुम्ही अंडं धरल्यासारखं धरता. बाकीच्यांना नाही." अगदी बरोबर. जोडी सैल हातानेच हाताळावी लागते, नाहीतर हातच चुगली करतो. तेव्हापासून एकच पत्ता शंभर वेळा उलटतो, स्वतःची सवय नीट बघतो आणि जोडी तशीच उलटायचा प्रयत्न करतो. पासबुकाची पानं पलटल्यासारखं.

घ्यायचाच तर दोन घ्या, एक सरावाला, एक दाखवायला. सरावाचा चार महिन्यांत मऊ पडतो. मी गेल्या आठवड्यात तिसरा मागवलाय.

परवा नातीसमोर सात वेळा केलं. तीनदा पकडलं.