एकाची सूत्रे की चौघांचे श्रेय: पिंक फ्लॉइड आणि क्वीन

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडमध्ये सूत्रे बासवादक आणि गीतकार रॉजर वॉटर्स यांच्या हाती एकवटत गेली आणि त्यातूनच 1979 मध्ये ‘द वॉल’सारखा एका सलग कल्पनेवर उभा असलेला अल्बम साकारला, हे मान्यच करावे लागते, पण त्याच काळात की-बोर्डवादक रिचर्ड राइट यांना बँड सोडावा लागला आणि पुढच्या दौऱ्यात ते पगारी वादक म्हणून वाजवत राहिले. (त्या खर्चिक दौऱ्यात तोटा न सोसलेले ते एकटेच!) 1985 मध्ये वॉटर्सही बाहेर पडले.

क्वीन या दुसऱ्या ब्रिटिश रॉक बँडमध्ये चौघेही गाणी लिहीत असल्याने वाद श्रेयाचा आणि रॉयल्टीचा (विक्रीतून गीतकाराला मिळणाऱ्या वाट्याचा) होता: 1975 मध्ये ‘बोहेमियन ऱ्हाप्सडी’च्या तबकडीच्या मागच्या बाजूला ड्रमवादक रॉजर टेलर यांचे गाणे होते आणि त्यालाही मुख्य गाण्याइतकीच रॉयल्टी मिळाली. 1989 च्या अल्बममध्ये चौघांनी सगळी गाणी बँडच्याच नावावर लावली. मला हाच मार्ग शहाणपणाचा वाटतो, मात्र तो धरायला त्यांना पहिल्या अल्बमनंतर सोळा वर्षे लागली.