मका की सोयाबीन : पानाच्या बाजूने एक तुलना

इंदूरजवळ सांवेर किंवा देपालपूरकडे ज्यांची वडिलोपार्जित जमीन आहे, अशा आपल्या मराठी घरांत मे महिना लागला की यंदा सोयाबीन पेरावे की मका, हा विषय निघतोच. बाजारभावाची चर्चा पुष्कळ होते; पण उन्हाचे धान्य करण्याची दोन्ही पिकांची रीत वेगळी आहे आणि निर्णय घेताना तीही जमेस धरावी, असे मला मनापासून वाटते.

सुरुवात दोघांची सारखीच आहे. हरितद्रव्य प्रकाश शोषते, पाण्याचे विघटन होऊन ऑक्सिजन सुटतो आणि प्रकाशाची ऊर्जा एटीपी व एनएडीपीएच या रेणूंत साठते. फरक पडतो तो कार्बन डायऑक्साइड पकडताना. सोयाबीनमध्ये हे काम रुबिस्को नावाचे विकर (एन्झाइम) थेट करते. मात्र उष्णता वाढली की ते ऑक्सिजनही अधिक प्रमाणात पकडू लागते आणि कमावलेली काही ऊर्जा वाया जाते. मक्यात ही गळती जवळजवळ थांबलेली असते, कारण तिथे ऑक्सिजनला न भुलणारे दुसरे विकर आधी कार्बन पकडते आणि तो शिरांभोवतीच्या पेशींत रुबिस्कोपाशी दाटीने पोचवला जातो. मक्याचे पान उजेडासमोर धरून भिंगातून पाहिले, तर शिरांलगत ज्या गडद हिरव्या रेघा दिसतात, त्या याच पेशींच्या. या वाहतुकीमुळे कार्बनच्या प्रत्येक रेणूमागे तीनऐवजी पाच एटीपी खर्च होतात. म्हणून कडक उन्हात मका बराच पुढे असला, तरी श्रावणातल्या झाकोळलेल्या दिवसांत त्याची आघाडी घटते.

क्विंटलला क्विंटल लावून तुलना करणे मात्र सोयाबीनवर अन्याय आहे. एक ग्रॅम ग्लुकोजपासून सुमारे ०.८ ग्रॅम पिष्ट बनते, तेल मात्र जेमतेम एक तृतीयांश ग्रॅम. आणि सोयाबीनच्या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिने व २० टक्के तेल असते. त्यातच मुळांवरच्या गाठींतील जिवाणूंना हवेतला नत्र बांधण्यासाठी लागणारी साखरही तेच झाड पुरवते.

उघडे ऊन, चांगला निचरा आणि नत्रखताच्या खर्चाची तयारी असेल, तर मी मका सुचवेन. खताला हात आखडता असेल, तर सोयाबीनच बरे; फक्त पेरणीनंतर चाळीसेक दिवसांनी एक रोप अलगद उपटून गाठ नखाने फोडून पाहावी. आतून गुलाबी निघाली तर नत्राचे काम चालू आहे. गाठीच नसतील, तर पुढच्या वर्षी बियाण्याला रायझोबियम, म्हणजे याच गाठींतल्या जिवाणूंचे खत, चोळल्याशिवाय पेरू नये.